पायाळू लेकीचं डोसकं

नातसुनेचं बाळ पोट चिरून काढलं. ती मला पुसत हुती, "आजी, अशानं लेकराच्या डोसक्याला काय व्हतं का?" म्या काय सांगू? शाळंत दोन दिस गेले, तिसऱ्या दिशी शेळ्यामागं. पर माझी थोरली लेक पायाकडनं जन्मली, तेवढं मला ठावं हाय.

निजामाचं राज हुतं. आमचं गाव कळंबच्या पलीकडं, दवाखाना दिसभराच्या गाडीवाटंवर. भर दुपारी अडले. सुईण मुसलमानाची म्हातारी, आमी तिला खाला म्हणायचो. तिनं हात लावला आन् म्हणली, "पाय आलेत गं. म्या सांगंन तवाच जोर लाव." पाय आले, आंग आलं, डोसकं मातर मागंच राह्यलं. किती येळ, ते ठावं न्हाय. माळवदाच्या सान्यातनं, वरच्या झरोक्यातनं, उन्हाचा कवडसा पडला हुता, त्यात धुळीचे कण तरंगायचे. म्या तेच बघत हुते. मीबी त्यातलाच एक कण झाल्यावानी.

आली ती निळी. रडंना. खालानं नाळ कापली न्हाय. आधी वार पडू दिली, ती निखाऱ्यावर शेकली, म्हंजी नाळंतनं ऊब लेकरात जाती. "रो बेटी, रो," पुटपुटत हुती. लेकरू दचकून रडावं म्हणून सासूबाई पितळी वाजवत हुत्या, तो आवाज मला हिरीच्या तळातनं आल्यावानी यायचा. मग मांजराच्या पिल्लावानी एक बारीक आवाज.

"जगली," खाला म्हणली. मग माझ्या कानाशी, "डोसकं लई येळ अडकलं हिचं. समज उशिरानं यील, न्हायतर..."

तीन वर्सं सरली, चौथं लागलं, लेक बोलंना. हाक मारली तर बघायची, तेबी सावकाश. म्या रोज जात्यामागं गुळाचा खडा लपवायचे. हुडकला तर डोसकं हाय, असं मनात धरायचे. कधी हुडकायची, कधी त्या कवडशात हात घालून कण धरत बसायची.

पर गावाला तिची लई गरज. पायाळूचा पाय लागला की कमरंतली उसण जाती, म्हणायचे. उसण भरलेली माणसं ओसरीवर येऊन पालथी पडायची. धाकटा दीर म्हणायचा, "वैनी, तुमच्या हकीमबाईला भाईर काढा, गिऱ्हाईक आलंय." सगळ्यास्नी तिचा पाय पायजे हुता. डोसक्याचं कुणी पुसलं न्हाय. म्या तिला उचलायचे, पाय तीनदा पाठीवर टेकवायचे, खाली ठेवायचे.

एकदा शेजारचे म्हातारे मामा आले, पार वाकलेले. पालथे पडले. म्या लेकीचा पाय टेकवला, तसे मामा कण्हले. तिनं पाय वर वढून घेतला. पुन्ना टेकवला, पुन्ना वढला.

"नीट टेकव की," सासूबाई म्हणल्या, "कवाचे पडलेत ते."

लेक माझ्या हातातनं खाली वाकली. मामाच्या तोंडाकडं बघितलं आन् म्हणली, "दुकतं?"

मामा पालथे पडल्या पडल्या म्हणले, "व्हय माय. लई."

"मग नगं," ती म्हणली, आन् पाय माझ्या लुगड्यात लपवला.

मामाची उसण काय गेली न्हाय, आठ दिस वाकूनच चालले. म्या त्या दिशी गुळाचा खडा लपवला न्हाय. तिच्या हातावर ठेवला.