आधी नदीचं

घनसावंगीला शाळेत निघाले होते. जीप भरायची वाट बघत बसले असताना सुमनचा फोन आला, "बाई, आत्या गेल्या." सुमन म्हणजे ठकूमावशीची सून. मी जीपमधून उतरले आणि उलट्या दिशेची गाडी पकडली. महिना होऊन गेला, पण गोदाकाठच्या त्या भिल्लवस्तीवर मावशी नाही, हे अजून पटत नाही. तिच्या तोंडाचा पट्टा कधी थांबेल असं कुणाला वाटलंच नव्हतं.

ती आणि माझी आई जिवाभावाच्या. आमच्या बौद्धवाड्यातल्या चुलीवर मावशीने आणलेले मासे शिजायचे आणि ती जेवूनच जायची. उन्हाळ्यात नदीच्या वाळूत झिरा उकरायचा, करवंटीने पाणी भरायचं, ही वस्तीची रीत. पहिली करवंटी मात्र घागरीत नाही, परत वाळूवर ओतायची. लहानपणी मला ती नासाडी वाटायची. विचारलं की मावशी म्हणायची, "आधी नदीचं, मंग आपलं."

पुढे रेतीवाले आले. यंत्रांनी पात्र खरवडलं, डोहातले मासे गेले, झिरा खोल खोल जाऊ लागला. झिरा आटला की वस्ती उठणार, हे सगळ्यांना कळत होतं. मावशी बायकांना घेऊन रेतीच्या वाटेवरच बसली. मग ठेकेदाराने गावात दम भरला... वस्तीला किराणा नाही, दळण नाही, जीपमध्ये जागा नाही. मावशीने अडगळीतलं जातं बाहेर काढलं. ज्वारीची भाकरी, सुकवलेले मासे, अंबाडीची भाजी. मी तेल-मीठ घेऊन गेले तर मलाच ऐकवलं, "आम्ही उपाशी मरून राह्यलो असं कुनी सांगितलं तुला?" मीठ तेवढं ठेवून घेतलं.

एका दुपारी अडकलेल्या टिप्परचा ड्रायव्हर पाणी मागत आला. झिऱ्यात जेमतेम पाणी. सुमनने घागर मागे ओढली. "आत्या, ह्यो रेती न्यायला आला, आन् ह्याला पानी?"

"त्याची तहान काय ठेकेदाराची हाय? पानी देईन. वाट न्हाई देनार."

तिने आधी करवंटीभर वाळूवर ओतलं, मग त्याला पाजलं. सुमन रडकुंडीला आली. त्या ड्रायव्हरचं मनपरिवर्तन वगैरे काही झालं नाही. काही दिवसांनी तो दुसऱ्या घाटावर रेती भरताना दिसला. मावशी हसली, "जाऊ दे. पाजलेलं पानी कुनी मागारी मागतं का?" बायका मात्र हटल्या नाहीत. शेवटी यंत्रं हटली. पुन्हा येतील, हेही ती म्हणायची.

परवा वस्तीवर गेले. झिऱ्याजवळ काठीला तीच करवंटी अडकवलेली. सुमन पाणी भरत होती. घसा कोरडा पडला होता, मी घाईने हात पुढे केला. तिने करवंटी भरली आणि मला न देता वाळूवर ओतली.

"थांबा बाई. आधी नदीचं."

मी थांबले. दुसरी करवंटी भरायला बराच वेळ लागला.