जमनाने मला आतल्या खोलीत सांगितलं ते

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळही नाही — ती गेली, तेव्हा मी तिच्या उशाशी होतो, दोन शब्द बोलायला वेळ होता, तरीही नाही. तुम्हाला सांगतोय. का, ते मलाही नीट माहीत नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल. शहाद्यात जे ओळखतात ते मला तत्त्वाचा डॉक्टर म्हणतात.

तत्त्वाचा — का? तर माझ्याकडे मनाच्या दुखण्याचा माणूस आला, की त्याने तोंड उघडण्याआधी मी त्याला काही गोष्टी स्पष्ट सांगतो. तू बोलशील ते मी कुठे लिहीन. घरच्यांनी विचारलं तर काय सांगेन, काय नाही. जिवाला धोका दिसला तर गप्प बसणार नाही, हेही. पटलं तर बोल, नाहीतर नुसतं औषध घेऊन जा. इथल्या लोकांना याचं कौतुक वाटतं. ही पद्धत मला कोणी शिकवली, असं कुणी विचारलं, की मी हसून विषय बदलतो.

मला ती जमनाने शिकवली. मरून शिकवली.

सुरुवातीला माझी काहीच पद्धत नव्हती. डॉक्टरकी शिकल्यावर मी काही काळ वेड्यांच्या इस्पितळात काम केलं होतं. तिथले एक म्हातारे डॉक्टर रोग्याला नुसतं बोलू देत, तासभर. मला त्याची मोठी मोहिनी पडली. शहाद्याला दवाखाना घातल्यावर मी आतल्या खोलीत दोन खुर्च्या मांडल्या. नातेवाईक बाहेर बाकावर, रोगी आत. तालुक्यात असं कोणी करत नव्हतं. रोगी बोलण्याआधी म्हातारे डॉक्टर त्याला काय सांगत, ते मात्र मी कधी ऐकून घेतलं नव्हतं. मला फक्त पुढचं हवं होतं.

जमना प्रकाशा या तीर्थाच्या गावाअलीकडच्या एका खेड्यातली. चांगलं खातंपितं घर, तापीकाठची काळी जमीन. लग्नाला सहा वर्षं झालेली. तिला झटके यायचे — डोळे फिरायचे, हातपाय ताठ, दातखीळ. भगताने मिरच्यांची धुरी दिली होती. धुळ्याच्या डॉक्टरने बाटल्या दिल्या होत्या. शेवटी नवरा, पुंडलिक, तिला बैलगाडीत घालून माझ्याकडे घेऊन आला.

तीन बैठकांत ती काही बोलली नाही. पदराचं टोक बोटाला गुंडाळायची, सोडायची. चौथ्या वेळी मी शिकलेली भाषा बाजूला ठेवली आणि माझ्या आईच्या अहिराणीत म्हणालो, "बोल, बहीन."

तिने दाराकडे पाहिलं. बाकावर नवरा होता.

"डॉक्टर, मी सांगसू ते आठेच ऱ्हाई ना? कोनले सांगशात तं नही?"

मी मान हलवली. ती मान कशाची होती? वचनाची? की नुसती 'पुढे बोल' अशी? तेव्हा मी ठरवलंच नव्हतं. पण तिने ते वचन समजावं, असं मला हवं होतं — एवढं मला पक्कं आठवतं.

मग ती बोलली. पहिले झटके खरेच होते, लग्नानंतरच्या वर्षातले. पण तिच्या लक्षात आलं, की झटका आला की पुंडलिक हात उगारत नाही. घाबरून मागे सरतो. सासू कांदा फोडून नाकाशी धरते, कोणी पाणी आणतं. त्या दिवशी तिला कोणी काही बोलत नाही.

"कधी खरा येस," ती म्हणाली, "कधी मीच करस. कोनता खरा, कोनता खोटा, ते मालेच समजस." आणि ती हसली. मी तिला हसताना पाहिलं ते तेवढंच.

मला काय वाटलं, सांगू? दया वाटायला हवी होती. मला आनंद झाला. भगताला कळलं नाही, धुळ्याच्या डॉक्टरला कळलं नाही, ते मी खुर्चीवर बसून काढलं! तपासताना तिच्या पाठीवर दिसलेल्या वळांचा विचार माझ्या मनात आला तो फार नंतर.

ती मोरीवर तोंड धुवायला गेली. मी बाहेर आलो. पुंडलिक उठून उभा राहिला. "काय रोग शे, डॉक्टरसाहेब?"

काय सांगता आलं असतं? कितीतरी. हिला मारू नका, म्हणजे झटके कमी होतील — एवढं तरी. पण त्याचे वडील गावातले मोठे, त्यांच्या शब्दावर माझ्याकडे चार घरं आली होती. माराचं नाव मी काढलंच नाही. मी म्हणालो, "रोग असा नाही. पुष्कळसं सोंग आहे. झटका आला, की कोणी जवळ जाऊ नका. बघणारं कोणी नसलं, की आपोआप थांबेल."

हे माझे शब्द. जसेच्या तसे.

पुढच्या वेळी ती आली ती ओठ सुजलेला घेऊन. खुर्चीवर बसली नाही. "तुमीच त्याले सांगं ना?"

मी म्हणालो, "नाही."

ती वळली. मग बाहेर जाऊन नवऱ्याशेजारी बाकावर बसली. त्यानंतर ती आली नाही.

दीड महिन्याने, दिवसाढवळ्या, पुंडलिक घोड्यावरून मला न्यायला आला. मी पोहोचलो तेव्हा तिला खाटेवर ठेवलं होतं. लुगडं अजून निथळत होतं. ती मळ्यातल्या हौदावर गेली होती, गुरं पाणी पितात त्या — गुडघाभर पाण्याचा हौद. झटका आला आणि तोंड पाण्यात गेलं. पंधरा पावलांवर सासू आणि दोन मजूर बायका शेंगा तोडत होत्या. पाण्याचा आवाज झाला, तशी एक बाई उठली. सासू तिला म्हणाली, "नाटक करी ऱ्हायनी. डॉक्टरनी सांगेल शे, कोनी जवळ जावानं नही." ती बाई परत खाली बसली.

सासूने हे मला स्वतः सांगितलं, रडत. तिला वाटत होतं, तुमचा दोष नाही, असं काहीतरी मी म्हणेन.

गावच्या पोलीस पाटलाने माझ्याकडून लिहून घेतलं. मी लिहिलं — फेफऱ्याचा झटका येऊन पाण्यात पडली, गुदमरून मृत्यू. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. वळांचं लिहिलं नाही. माझ्या सल्ल्याचं लिहिलं नाही.

तेराव्यानंतर तिचा भाऊ आला. रामदास. नदीपलीकडून होडीने आलेला, टोपी हातात धरून दाराशी उभा. आत बोलावलं तरी बसेना.

"ती तुमले काही बोलनी व्हती का? तिले तठे कोनी त्रास दे व्हतं का?"

त्याने दुसऱ्या कोणाला विचारलं नव्हतं. सरळ माझ्यापर्यंत आला होता. मी एक शब्द बोललो असतो, तर त्याला बहिणीचं खरं कळलं असतं. पण मग पुढचंही कळलं असतं.

मी त्याच्याशी अहिराणीत बोललो नाही. म्हणालो, "रोगी मला सांगतो ते मी कुणाला सांगत नाही. माझा तो नियम आहे."

त्या क्षणापर्यंत माझा असा कुठलाही नियम नव्हता.

रामदासने मान खाली घातली. मग हात जोडले. "बराबर शे, डॉक्टरसाहेब. तिनी अब्रू तुमी तरी राखी." आणि तो गेला. मी त्याला दारातून हाक मारू शकलो असतो. गल्लीच्या टोकापर्यंत तो मला दिसत होता.

पुंडलिकने वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं. मी रोग्यांना आधी सगळं सांगायला लागलो, आणि लोक मला तत्त्वाचा म्हणू लागले.

रामदास अजून आहे. बाजाराच्या दिवशी दवाखान्यावरून जाताना थांबतो, हात जोडून मला रामराम करतो. मीही करतो.