जड पाण्याचा माणूस

अन्याय झाला भिवंडीच्या एका प्रयोगशाळा-मदतनिसावर, १९७६च्या होळीच्या आदल्या दिवशी. प्रयोगशाळेतल्या साहेबांचा शोधनिबंध छापून आला, त्यात त्याचं नावच नव्हतं.

चुंबकाच्या यंत्रात मोठं प्रथिन तपासायचं, तर साध्या हायड्रोजनचा गोंगाट कमी करावा लागतो. त्यासाठी हाच माणूस वर्षभर महागड्या जड पाण्यात, म्हणजे जड हायड्रोजनच्या पाण्यात, ते प्रथिन बनवणारे जंतू वाढवत होता.

एसटी स्टँडवर तो एकटाच चहा प्यायचा. शेवटचा थेंब पडेपर्यंत ग्लास उलटा धरायचा.

“जड पानी एकदम दिलं का जंतू मरतात,” तो मला, पेपरात लिहिणाऱ्याला, म्हणाला. “थोडं थोडं वाढवलं का सोसतात. घरी ऐकायला कोन न्हाय, म्हणून तुला सांगतो.”

“आणि तुम्ही?”

“आपन बी त्यातलाच जंतू! नाव छापू नको हां, नोकरी जाईल.”

म्हणून इथंही नाव नाही. निबंधवाल्यांनो, तुमचे जंतू कुणी वाढवले? त्याचं नाव तुम्ही छापा.