चालू इंजिनाच्या आडोशाला

डॉक्टरला डॉक्टर म्हणायचं कारण एवढंच, की तो इंजिनाच्या पोटाला लांब स्क्रू ड्रायव्हर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायचा आणि डोळे मिटून रोग सांगायचा. बाकी शिक्षण चौथीपर्यंत, तेही मास्तरांच्या सहनशक्तीवर.

त्याचे मालक दोन महायुद्धांच्या मधल्या काळातल्या ब्रिटिश मोटरसायकली शोधून आणायचे. कुणाच्या खुराड्यात जिच्यावर कोंबड्या अंडी घालत बसलेल्या असायच्या ती गाडी, कुणाच्या अडगळीत आजोबांच्या पलंगाखाली सुटी पडलेली गाडी. डॉक्टर तिच्यात जीव घालायचा आणि मालक ती हौशी संग्राहकांना विकायचे. एकतीस वर्षं हेच चाललेलं.

गेल्या दीड वर्षात डॉक्टरचे कान गेले. आधी इंजिनातली बारीक टिकटिक गेली, मग बायकोचा आवाज. दुसरं जाणं त्याला सुरुवातीला फारसं जड गेलं नाही, असं लोक म्हणतात. पण मग त्याची झोप उडाली. शेडमधल्या पॉलिशवाल्या मामांची नजर अधू झाली, तेव्हा मालकांनी त्यांच्या हातात भिंतीवरचं घड्याळ देऊन आठवड्याच्या आत घरी बसवलं होतं. डॉक्टर घरी बसून काय करणार? घरात त्याला साधा खिळाही बायको ठोकू द्यायची नाही.

मग पठ्ठ्यानं युक्ती काढली. कुणी बोलायला येताना दिसलं, की हा जवळच्या गाडीला किक मारायचा. चालू इंजिनाशेजारी सगळेच बहिरे. सगळे ओठ ताणून ओरडतात, हातवारे करतात. त्यावरून तो बरोब्बर उत्तर द्यायचा.

"डॉक्टर, पेट्रोल काय तुमच्या सासऱ्याचं आहे?" एकदा मात्र मालक पाठीमागून ओरडले. टाकीच्या चकाकीत त्यांचं तोंड हललेलं तेवढं दिसलं.

"हो मालक," डॉक्टर अदबीनं म्हणाला.

घरी बायकोला मात्र बेंबीच्या देठापासून ओरडावं लागायचं. हा काडीमोडापर्यंत गेलेला संसार आहे अशी सगळ्या गल्लीची खात्री होती. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी तर तिला एका वकिलाचा पत्ताही देऊन ठेवला होता. त्या दिवशी सकाळी बायकोनं त्याचं तोंड दोन्ही हातांनी आपल्याकडे वळवलं. "अहो, आज सांगून टाका. मालक काय खाणार आहेत का तुम्हाला?"

"खाणार नाहीत. घड्याळ देतील."

आणि नेमके त्याच दिवशी गाडी घ्यायला एक साहेब आले. माणूस भला, पण मिशा अशा, की खाली ओठ आहेत हे गृहीत धरून चालायचं. साहेबांनी नमस्कार करायच्या आत डॉक्टरनं बत्तीस सालच्या काळ्या गाडीला किक मारली आणि इंजिनावर तळहात ठेवला. कान गेल्यापासून रोग हातालाच कळायचा.

हाताला ठोका लागला. मागोमाग आणखी एक, बारीक, पोकळ. पुन्हा तसाच.

क्रँकचं बेअरिंग गेलं होतं.

"फर्स्ट क्लास आहे ना, डॉक्टर?" समोरून मालक ओरडले. डोळ्यांनी उत्तरही सांगून ठेवलं.

'हो' म्हटलं तर आजचा दिवस निभावत होता, कदाचित पुढचं वर्षही. 'नाही' म्हटलं तर कशावरून, हे बोलावं लागणार होतं. लबाडीचं त्याला वावडं नव्हतं. दीड वर्ष तो दुसरं काय करत होता? पण साहेबांनी हेल्मेट बरोबर आणलं होतं. नवं कोरं, लेबलसुद्धा न काढलेलं. हा माणूस गाडी काचेत ठेवणार नव्हता.

"नाही," डॉक्टर म्हणाला. "उतारावर इंजिन धरेल, चाक जागच्या जागी अडकेल. साहेब तोंडावर पडतील."

मालकांचा चेहरा उतरला. साहेबांनी कान पुढे केला, मान हलवली. त्यांना इंजिनात काहीच बिघाड ऐकू येत नव्हता. डॉक्टरनं त्यांचा हात धरला आणि इंजिनावर ठेवला. साहेबांचे डोळे हळूहळू मोठे झाले.

मालकांनी गाडी बंद केली. तळहाताखालचं लोखंड शांत झालं आणि डॉक्टर उघडा पडला. किकपर्यंत पाय पोचेना. मध्ये साहेब उभे होते.

मिशा हलल्या.

"एकोणीसशे बत्तीस," डॉक्टर अंदाजानं म्हणाला.

मिशा पुन्हा हलल्या, आता जरा थबकत.

"हो हो, सगळं मूळचं. टाकीसुद्धा."

साहेबांनी मालकांकडे पाहिलं. मालक आधी हसले, मग हसायचे थांबले. डॉक्टरला वळसा घालून ते मागे गेले. पाठीमागे काय बोलले कोण जाणे. समोर साहेबांची नजर खाली गेली तेवढी त्याला दिसली. मग मालक पुन्हा समोर आले, अगदी जवळ. ओठ सावकाश हलले.

"कधीपासून?"

डॉक्टरनं बोटांवरचं तेल फडक्याला पुसलं, पुन्हा पुसलं.

"दीड वर्ष झालं, मालक," तो म्हणाला. हळूच म्हटलं असं त्याला वाटलं. पण शेडच्या पार दुसऱ्या टोकाला टाकीवर सोनेरी रेघ ओढणाऱ्या रंगाऱ्यानं दचकून ब्रश उचलला, आणि फाटकाशी बसलेला वॉचमन उठून उभा राहिला.