अध्यक्ष चर्चेत भाग घेत नाहीत

चंपतराव मुनेश्वरांच्या ओसरीवर बसून तुम्ही नुसतं "काय ऊन पडून राह्यलं!" म्हटलंत तरी ते विचारतात, "ही सूचना आहे की नुसतं निवेदन?" सूचना असेल तर अनुमोदक पाहिजे. निवेदन असेल तर नोंद घेऊन पुढचा विषय.

घराच्या आत मात्र हे चालत नाही. एकदा विठाबाईंनी विचारलं, "वांगे करू का चवळी?" चंपतराव म्हणाले, "दोन विषय एका वेळी घेता येत नाहीत." विठाबाईंनी त्या दिवशी दोन्हीतलं काहीच केलं नाही. तेव्हापासून त्यांच्या चुलीजवळ कोणतीही कार्यपद्धती लागू नाही.

चंपतराव आदिलाबादला एका सरकारी दफ्तरात कारकून होते. बैठकांचं इतिवृत्त लिहिण्यात त्यांचा जन्म गेला. साहेब लोक भांडत, चहा पीत, उठून जात. मग त्या गोंधळातून 'सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते ठरले' असं वाक्य काढायचं काम चंपतरावांचं. एका वर्षी हैदराबादला सभा चालवण्याचं प्रशिक्षण निघालं. जायचं होतं त्यांच्या वरच्याला, पण त्याच्या घरी लग्न निघालं आणि गाडीत चंपतराव बसले. गेले ते कारकून होते, परत आले ते सभापतीच. एका वेळी एक विषय, एका वेळी एक माणूस. आधी सूचना, मग अनुमोदन, मग चर्चा, मग मत. आणि बोलायचं ते अध्यक्षाकडं पाहून.

आता आमचं गाव भीमपूर मंडलातलं, नदीच्या अलीकडचं, म्हणजे तेलुगू राज्यातलं; मराठी राज्य नदीपलीकडं. इथं माणूस बोलतो तो समोरच्याच्या मांडीवर थाप मारून. अध्यक्षाकडं पाहून भांडायचं म्हणजे मीठ न घालता ठेचा खायचा. लोकांनी हे इंग्रजांचं खूळ म्हणून सोडून दिलं असतं. पण चंपतराव कळवळून सांगत, "इंग्रजाचं नाई जी! खुद्द बाबासाहेबांनी घटना समितीत सांगतलं हाय. भिक्खूंच्या संघात ठराव होता, गणपूर्ती होती, मत द्याले काड्या होत्या. आपलंच हाय. हरवलं होतं, मी घरी आनून राह्यलो."

असं म्हणताना त्यांचा आवाज जरा ओला होई. मग कोणी हसत नसे.

निवृत्त होऊन ते गावी आले तेव्हा इथल्या सभेची रीत वेगळी होती. दहा-बारा माणसं जमत. त्यातली सहा बोलत, दोघं फोनवर असत, एखादा झोपलेला असे. दीडेक तासानं उद्धवराव पाटील उठत, धोतराची धूळ झटकत आणि म्हणत, "बरं मंग." झालं! काय ठरलं ते प्रत्येकाला बरोबर कळलेलं असे. आणि ज्याला ते पटणार नसे, तो मुळात आलेलाच नसे. गावात कोणाला तोंडावर 'नाही' म्हणायची पद्धत नाही. ज्याला नाही म्हणायचं असतं त्याला त्या दिवशी ताप येतो, नाहीतर त्याची म्हैस हरवते. सभेच्या दिवशी किती म्हशी हरवल्या यावरून उद्धवराव विरोधाचा अंदाज घेत.

गेल्या उन्हाळ्यात शाळेकडं वरून विचारणा आली. गावच्या शाळेतले मराठी वर्ग पुढं चालू ठेवायचे, की पोरं इंग्रजीच्या वर्गात मिळवायची? गावानं सभा घेऊन ठराव करावा आणि शनिवारपर्यंत कळवावं. ठराव 'ठेवा' असा गेला तर मराठीचे गुरुजी राहतील. नाहीतर वर्ग बंद.

चंपतरावांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. मुनेश्वरांच्या घराण्यात अक्षर पहिल्यांदा शिरलं ते याच शाळेतून. त्यांचा बाप दुसऱ्याच्या शेतावर सालदार होता. पोरगा वाचायला लागला तसा बाप त्याला नदीपलीकडच्या बाजारात घेऊन गेला आणि दुकानांवरच्या पाट्या वाचायला लावल्या. पोरानं पाटी वाचली की बाप आजूबाजूला पाही, कोणी ऐकलं का म्हणून. त्या शाळेतली मराठी आपण असेपर्यंत बंद होता कामा नये, एवढीच चंपतरावांची आता इच्छा उरली होती.

उद्धवरावही त्याच मताचे. ते म्हणाले, "काऊन एवढा जीव काढता, चंपतराव? दहा जन बसू. मी 'बरं मंग' म्हनतो. तुमी लेहून टाका."

"असा ठराव वर गेला तं कोनी बी मोडन, उद्धवराव. पुरी गनपूर्ती पायजे. समद्यांसमोर, नियमानं. मंग कोनाची हिंमत नाई."

आणि चंपतराव स्कूटर काढून गणपूर्ती गोळा करायला निघाले. म्हणजे नेमके ज्यांना ताप आला होता त्यांच्या दारी गेले. ज्यांच्या म्हशी हरवल्या होत्या त्यांना म्हशी गोठ्यात बांधलेल्या दाखवल्या. प्रयागबाई कापूस वेचायला जाणारी बाई; लेक-सून वारलेली, नात भाग्यश्री तिच्याजवळ. ती घोंगडी पांघरून पडली होती.

"भाऊ, मले ताप हाय."

"तं मंग सभेत येऊन सांग. नोंद घेऊ."

"मले बोलता येत नाई समद्यात."

"तुले येते बोलता. फक्त लोकं बोलू देत नाईत. मी देतो. तू बोलताना कोनी मधात तोंड घातलं तं त्याले बाहीर काढतो."

असं वचन तिला जन्मात कोणी दिलं नव्हतं. ती उठली.

रविवारी दुपारी शाळेची पडवी भरून गेली. एवढी माणसं मतदानालाही येत नाहीत. चंपतरावांनी इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. घंटा म्हणून शाळेचीच घंटा होती. वर्ग चालू ठेवावेत ही सूचना उद्धवरावांनी मांडली, भारतनं अनुमोदन दिलं. भारत हा तरुण कास्तकार, सगळ्यांचा पुतण्या. मधे कोणी बोललं की घंटा. तेलुगूत टोमणा मारला तरी घंटा. लोकांना हळूहळू गंमत वाटायला लागली. एक माणूस बोलतो आणि बाकीचे ऐकतात, हे दृश्य आम्ही फक्त तेराव्याच्या कीर्तनात पाहिलेलं.

मग प्रयागबाई उभी राहिली. पदर तोंडाशी, नजर अध्यक्षांकडं.

"माही भाग्यश्री तिसरीत हाय. मराठीतल्या गोष्टी मले वाचून दाखवते. लई गोड वाटते जी, खोटं काऊन बोलू. पन दवाखान्यात गेलं तं तेलुगू. दफ्तरात गेलं तं तेलुगू. नोकरीचा कागद इंग्रजी. मराठी लागते कुठं? भांडाले अन् रडाले. ते तं तिले शाळेत न जाता बी येईन."

कोणीतरी हसलं. घंटा वाजली.

"मी इतके दिस घरी पडून होती. भाऊनं आनलं म्हून बोलून राह्यली. तं अध्यक्ष महाराज, मले एकच इचारायचं हाय. तुमचा हर्षदीप कोन्या शाळेत जाते?"

पडवीत बाहेरची कोंबडी ऐकू यायला लागली. हर्षदीप म्हणजे चंपतरावांचा नातू. मुलगा विनय आदिलाबादला नोकरीला, आणि पोरगा तिथल्या इंग्रजी शाळेत. हे काही गुपित नव्हतं. फक्त कोणी कधी विचारलं नव्हतं.

"हरकतीचा मुद्दा!" उद्धवराव ओरडले. हा शब्द ते त्याच दुपारी शिकले होते. "हे घरावर जाऊन राह्यली! बसवा तिले!"

नियम चंपतरावांच्या हातात होता. वैयक्तिक टीका अध्यक्षाला थांबवता येते. एक घंटा, की प्रयागबाई खाली आणि शाळा वर. त्यांनी घंटेला हात लावला आणि काढून घेतला.

"हरकत फेटाळली. प्रश्न नियमाला धरून हाय." मग ते पाणी प्यायले. "मात्र अध्यक्ष चर्चेत भाग घेत नाहीत. पुढचे वक्ते."

प्रयागबाईनं पदर सावरला. मग बसली. बायकांच्या रांगेत तिच्याशेजारी विठाबाई होत्या. त्या घोट घोट पाणी पिणाऱ्या नवऱ्याकडं बघत होत्या.

मत घ्यायची वेळ आली. "ठेवावेत म्हणणाऱ्यांनी हात वर करा." सगळ्यांचे हात वर! उद्धवरावांचा चेहरा उजळला.

"आता विरोधात कोण?"

पुन्हा सगळ्यांचे हात वर.

"अरे बाप्पा, हे काय करून राह्यले?"

भारत म्हणाला, "काका, पह्यल्या खेपेला उद्धवराव पाहून राह्यले होते. दुसऱ्या खेपेला प्रयागमावशी. दोघायले कसं दुखवाचं?"

"पह्यलेच धरा," उद्धवराव उठून धोतर झटकायला लागले. "समद्यायचे हात होते. झालं. बरं मं—"

"उद्धवराव, खाली बसा. सभा संपली नाई."

पाटलांना खाली बस म्हणणारा माणूस या गावात आजवर झाला नव्हता. ते बसले. चंपतरावांनी तिथंच अध्यक्षांचा निर्णय दिला, मत गुप्त घ्यायचं, संघात घेत तसं, काड्यांनी. भारतनं कुंपणाजवळच्या ढिगातून बोटभर लांबीच्या काड्या मोडून आणल्या. तुरीची काडी म्हणजे ठेवा, कपाशीची म्हणजे मिळवा. प्रत्येकाला दोन्ही दिल्या. खोलीत झाकलेला माठ ठेवला. एकेकानं आत जायचं, एक काडी माठात टाकायची, दुसरी खिडकीतून बाहेर. तुमची काडी तुम्हीच जाणा.

काड्या टाकून येणाऱ्या माणसांचे चेहरे मी पाहत होतो. कोणाचा ताप उतरल्यासारखा दिसत होता.

माठ सगळ्यांसमोर पालथा केला. तुरीच्या काड्या चंपतरावांच्या एका मुठीत मावल्या. कपाशीच्या उचलायला भारतला दोन्ही हात लागले.

चंपतराव उभे राहिले. आवाज अगदी साफ होता. "सूचना फेटाळण्यात आली. मराठी वर्ग इंग्रजीत मिळवावेत असं सभेचं मत. सभा संपली."

लोक खूश होते हो! अशी सभा जन्मात पाहिली नाही म्हणाले. प्रयागबाई त्यांच्या पाया पडायला वाकली. "भाऊ, तुमच्यामुळं बोलली." उद्धवराव मात्र जाताना थांबले. "मी घरी बसून वाचवत होतो तुमची शाळा. तुमी नियमानं बुडवली," म्हणाले, आणि 'बरं मंग' न म्हणताच गेले.

भारत मागं राहिला होता. "काका, पुन्हा नाई का घेता येत?"

"येते. फेरविचाराची सूचना. पन ज्यानं जितल्या, म्हंजे कपाशीच्या बाजूनं मत देल्लं त्यानंच मांडा लागते."

"मंग सांगू का गावात?"

"सांग. शनिवारपर्यंत वेळ हाय."

भारतनं सांगितलं. चंपतराव रोज संध्याकाळी इस्त्रीचा सदरा घालून ओसरीवर बसत. माणसं रस्त्यानं जात, रामराम-जयभीम करत, पुढं जात. कोण येणार? येणं म्हणजे आपली काडी कपाशीची होती हे उद्धवरावांच्या गावात कबूल करणं. ज्या गुप्तपणामुळं लोक खरं बोलले, त्याच गुप्तपणानं त्यांचं तोंड आता शिवून टाकलं होतं. हे चंपतरावांना कळत नव्हतं असं नाही. तरी ते बसत.

शुक्रवारी विठाबाई चहा घेऊन बाहेर आल्या. ओसरीवर त्या सहसा बसत नाहीत. बसल्या.

"मी मांडली तं चालन का?"

"तुले नाई मांडता येत. ज्यानं जितल्या बाजूनं—"

ते थांबले. विठाबाई कपाकडं बघत होत्या.

"काऊन व?" चंपतरावांनी विचारलं.

"प्रयागनं इचारलं. तुमी पानी प्याले." विठाबाई म्हणाल्या. "आपल्या घरातून कोनीतरी तिले उत्तर द्या लागत होतं."

चहावर साय धरली.

"आता मांडू का? मांडते म्हनलं तं मांडते. मले कोनाचं भ्या नाई."

"अनुमोदक लागते," चंपतराव म्हणाले.

"तुमी व्हा."

"अध्यक्षाले होता येत नाई."

विठाबाईंनी थंड चहा आत नेऊन ओतला. शनिवारी सकाळी चंपतराव ठरावावर सही करून शाळेत देऊन आले. वाचून पाहा, म्हणाले गुरुजींना. शुद्धलेखनाची एकही चूक नव्हती.