पत्र्याच्या कोठीवरचं ड्रम अँड बेस

लातूरला बारावीसाठी निघालेल्या मुलीच्या ट्रंकेत काय काय असावं, यावर आमच्या मुदखेडच्या घरात मोठा खल झाला. आईने शेंगदाण्याची चटणी आणि स्वेटर भरला. लातुरात कुणाला स्वेटर लागतो, हे तिला विचारायची सोय नव्हती. रेल्वेत नोकरीला असलेल्या बाबांनी लॉगटेबल भरलं. मी सगळ्यांच्या खाली, चादरीत गुंडाळून, टेपरेकॉर्डर, एक जुना मोठा स्पीकर आणि एक कॅसेट घातली. कॅसेटवर ड्रम अँड बेस होतं.

हा नाद मला पुण्यात शिकणाऱ्या मामेभावाने लावला. विलायतेतल्या कुणा पोरांनी आपापल्या खोलीत बसून केलेलं, रेडिओवर कधीच न लागणारं असं काहीतरी तो सीडीवर घेऊन आला होता. वरती ड्रम असे पळतात की जणू त्यांची गाडी सुटून चाललीय, आणि खाली एक जाड, सुस्त आवाज, जो कानापेक्षा पोटाला जास्त ऐकू येतो. मामेभावाला महिन्याभरात गझलांचं वेड लागलं आणि तो या सगळ्यातून मोकळा झाला. मी अडकले ती अडकलेच.

आमच्याकडे सीडी प्लेअर नव्हता, म्हणून ती सीडी कॅसेटवर भरून घ्यायला मी नांदेडला गेले. तिथे एक चाचा गाणी भरून द्यायचे. त्यांनी सीडी लावली, थोडा वेळ ऐकलं, बंद केली, स्पिरिटचा बोळा घेऊन मशीन पुसलं आणि पुन्हा लावली. आवाज तोच. मग त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. "बेटी, इसमें गानेवाला कब आता?"

"येत नाही, चाचा. हे असंच असतं."

"असंच?" चाचांनी भरून दिलं, पण दोन्ही बाजू संपेपर्यंत ते अधूनमधून कान लावून बघत होते. गानेवाला येईल ही त्यांची आशा शेवटपर्यंत सुटली नाही.

लातुरात त्या काळी गल्लोगल्ली क्लास निघाले होते. ज्याच्या घराला एक खोली जास्त, तो पोरं ठेवायचा, आणि ज्याला फळ्यावर सरळ ओळ लिहिता येते, तो सर व्हायचा. सगळं गाव प्रश्नसंचांची देवाणघेवाण करून राहिलं होतं. मी त्यात माझी कॅसेट घुसवली. मला फार काही नको होतं. एका माणसाने एक ट्रॅक पहिल्यापासून शेवटपर्यंत गप बसून ऐकावा, एवढंच. ज्याला हे क्षुल्लक वाटतं, त्याच्या आवडीची गाणी बँडवाले वाजवत असणार. माझं दुःख त्याला कळायचं नाही.

आमच्या बॅचमधल्या पहिल्या नंबराच्या मुलीने कॅसेट नेली आणि आठवड्याने परत दिली. "छान आहे," म्हणाली. मला आनंदाने घास गिळवेना. रात्रीचं जेवण तसंच टाकून टेप लावला, तर आतून आमचे केमिस्ट्रीचे सर बोलायला लागले. बाईसाहेबांनी ए बाजूवर क्लास टेप करून घेतला होता! सर बेंझीनवर बराच वेळ बोलले, मग एकदम कडकडून ड्रम सुरू झाले, मधेच पुन्हा सर आले, "लिहून घ्या" म्हणाले आणि गेले. खरं सांगायचं तर तो तुकडा मला मूळ ट्रॅकपेक्षा आवडला. पण संताप आला तो आलाच. मी त्या मुलीशी बारावी संपेपर्यंत बोलले नाही. तिला ते कळलंही नाही, कारण ती कुणाशीच बोलत नव्हती.

सुदैवाने मूळ सीडी होती. पुन्हा नांदेड, पुन्हा चाचा, पुन्हा स्पिरिटचा बोळा.

खोलीत माझ्याबरोबर देगलूरची एक मुलगी होती. तिला डॉक्टर व्हायचं होतं आणि वाट बघायची तिची तयारी नव्हती, त्यामुळे ती दिसेल त्याची नाडी बघायची. ट्रॅक लावला की मनगटातलं घड्याळ बघून ती ठोके मोजायला लागे. "अय्यो, ह्या स्पीडनं ठोके पडले तर माणसाला ॲडमिट करावं लागतंय गं." एवढं निदान करून ती जीवशास्त्रात डोकं घालायची. शेवटपर्यंत ऐकणं तिच्याच्याने व्हायचं नाही.

तरी कोठीची कल्पना तिचीच. आमच्या खोलीत घरमालकीणबाईंची धान्याची पत्र्याची कोठी होती, छातीइतकी उंच आणि त्या वेळी रिकामी. घरमालकीणबाईंना आम्ही मावशी म्हणायचो. "तुझा तो खालचा आवाज टेपमधून येतच न्हाई," देगलूरकरीण एका रविवारी दुपारी म्हणाली. "स्पीकर कोठीवर पालथा घालून बघ की. पोकळीत घुमंल." ती हे विज्ञानाच्या ओढीने म्हणाली, संगीताच्या नाही. पण मला तेव्हा कसलीही ओढ चालली असती.

इथे मावशीबद्दल सांगायला हवं. ती किल्लारीकडची. भूकंपात गावचं घर गेलं, घरातली माणसं गेली. किती, ते आम्ही कधी विचारलं नाही. मुलाच्या नोकरीपायी ती लातूरला आली, पण मुलाने बांधलेल्या स्लॅबखाली ती झोपायची नाही. अंगणात पत्र्याच्या शेडखाली तिची खाट असे. आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर तिने एक मनोरा रचून ठेवला होता. पालथा तांब्या, त्यावर पेला, पेल्यावर वाटी, वाटीत एक चमचा. भूकंपानंतर आमच्या भागात घरोघरी असे मनोरे होते. जमीन हलली की भांडी पडणार आणि माणसं बाहेर पळणार. हळूहळू लोकांनी पेले चहाला परत घेतले. मावशीने घेतले नाहीत.

कोठी त्याच फळीच्या भिंतीला आमच्या बाजूने टेकून उभी होती.

मी स्पीकर कोठीवर पालथा घातला आणि आवाज पूर्ण सोडला. काय सांगू! तो खालचा आवाज मला त्या दिवशी पहिल्यांदा खरा भेटला. खिडकीची काच बोलायला लागली, लॉगटेबल टेबलावरून सरकत निघालं. देगलूरकरीण नाडी विसरून "आईशप्पथ" म्हणाली. तेवढ्यात भिंतीपलीकडे भांडी खणखणत खाली आली आणि मावशीची किंकाळी ऐकू आली, "पळा! पोरींनो, बाहेर पळा!"

आता खरी गंमत अशी, की आम्हीही पळालो. माझ्याच हाताने वाढवलेला आवाज, पण लातुरात कुणी तसं ओरडलं की आधी पाय निघतात, डोकं मागून येतं. बघता बघता गल्ली भरली. घराघरातून पोरं प्रश्नसंच छातीशी धरून आली. समोरच्या काकू चालू कुकर घेऊन आल्या, त्याने रस्त्यात शिट्टी दिली. वरच्या मजल्यावरचे ट्यूशनवाले सर डस्टर घेऊन उतरले आणि आपण डस्टरच का वाचवलं, याचा विचार करत उभे राहिले.

आमच्या खोलीतून ढगढग चालूच होती. सगळे श्वास रोखून जमिनीकडे बघत होते. त्या ट्रॅकमध्ये मधेच सगळं बंद पडतं.

"थांबला," सर म्हणाले. "थांबला बरं का."

पुढे काय येणार हे त्या सगळ्या गल्लीत मला एकटीलाच ठाऊक होतं. मी सांगायला तोंड उघडलं. आणि तो आला, पहिल्यापेक्षा दुप्पट जोराने. आख्खी गल्ली एक पाऊल मागे सरली. समोरच्या काकूंनी कुकर रस्त्यातच ठेवला.

"भूकंप न्हाई ओ," देगलूरकरीण ओरडली, "आमची कोठी हाय ती!"

मग जे व्हायचं ते झालं. कुणी हसलं, कुणी माझ्या आईवडिलांची चौकशी केली, सरांनी दोन्ही केलं. मी आत जाऊन टेप बंद केला. बाहेर आले, तर मावशी पायरीवर अनवाणी बसली होती आणि आत यायला तयार नव्हती. एवढा वेळ मी हसू दाबत होते, ते जागच्या जागी विरलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चार वाजता ती आमच्या खोलीत आली. आता ट्रंक भरायची, असं समजून मी उभी राहिले. ती कोठीशेजारी खाली बसली.

"लाव ते."

"नाही मावशी, पुन्हा कधी लावणार नाही. शपथ."

"तू लावल्याबिगर राहणार न्हाईस. मंग मी दर बारीला पळत राहू का? वळख होऊ दे मला त्याची. लाव."

मी लावलं, अगदी हळू. "मघाच्यावाणी लाव," ती म्हणाली. मी आवाज सोडला. तिने एक हात कोठीवर ठेवला, दुसरा जमिनीवर सपाट, आणि डोळे मिटले. मधेच सगळं बंद पडायची जागा आली तेव्हा मी घाईने म्हणाले, "मावशी, आता थांबेल आणि मोठ्याने परत येईल."

"येऊ दे."

तो आला. तिचा हात जमिनीवरून हलला नाही. देगलूरकरणीने पुस्तक मिटलं होतं. माझं लक्ष टेपकडे नव्हतंच, मी मावशीच्या तोंडाकडे बघत होते आणि मला रडू येत होतं. का, ते तेव्हा कळलं नाही. ट्रॅक संपला, नुसती फीत फिरल्याची खरखर उरली.

"ह्याला ताल हाय," मावशी म्हणाली. "त्याला न्हवता."

तिने हात झटकला, पदराने तोंड पुसलं.

"सरलं का?"

"ही बाजू सरली. दुसऱ्या बाजूला आहे अजून."

"मंग लाव की," ती म्हणाली आणि मांडी घालून भिंतीला टेकली. मी कॅसेट उलटी केली.