मायक्रोवेव्हमधले मोजे

मी एकदा माझे ओले मोजे वहिनीच्या नव्याकोऱ्या मायक्रोवेव्हमध्ये वाळवले. आज चिंचोळीला कामावर नेणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये शेजारी बसलेल्यानं बूट काढले, आणि लग्नाआधीची ती सकाळ थेट नाकात शिरली.

मोहोळला मुलगी बघायला निघायचं होतं. मोज्यांचा बरा जोड एकच, तोही नुकताच पाण्यातून काढलेला. माझं शास्त्र सरळ होतं: मायक्रोवेव्ह पाणी तापवतो, कापडाला काही करत नाही, पाणी उडेल, मोजे उरतील. पाणी उडालं, पण एकटं गेलं नाही. दार उघडताच आंबलेलं ताक आणि कुबट पायपुसणं एकत्र उकळल्यासारखी वाफ तोंडावर आली. काचेची ताटली कडेला जेमतेम कोमट होती. मोज्यांचे पुढचे जाड भाग मात्र बोटं भाजतील इतके कढत आणि बुळबुळीत, वरचं इलॅस्टिक वितळून काळं पडलेलं.

तेव्हा मला फक्त मोज्यांची पडली होती. आज डोळ्यांपुढं येते ती वहिनी, बाळाचं दूध गरम करायला पेला घेऊन मागं उभी असलेली. नाकाला पदर लावून ती म्हणाली, “भावजी, मोहोळला जाऊच नका. तुमीच नकार कळवा. त्या पोरीचं तरी भलं हुईल की!”